सासूबाईंचं औषध आणि रविवारचा गाळा

'गुळवेल' अशी सही करणाऱ्या बाईचं पत्र आलं, ते लांब होतं. त्यातला मुद्द्याचा भाग तिच्याच शब्दांत देते.

"मावशी, सा. न. वि. वि. मी भोर तालुक्यात राहते, वय ३४. सव्वा एकर भात, तोही पावसावर. सासूबाई झाडपाल्याचं औषध देतात. काविळीवरच्या औषधासाठी दर गुरुवारी आणि रविवारी लांबलांबून माणसं येतात. त्या एक पैसा घेत नाहीत. त्यांच्याकडून शिकून मी गेल्या दिवाळीपासून पुण्यात रविवारच्या शेतकरी बाजारात गाळा लावते. निर्गुडीचं तेल, केसांचं तेल, अडुळशाचा काढा, जांभळाच्या बियांची पूड, उटणं, मोरावळा, आलेपाक, वाळवलेला गवती चहा. खप बरा आहे. मुलाने फलक करून दिला, 'शुगर, मूतखडा, सांधेदुखी, केसगळती : खात्रीशीर घरगुती उपाय'. मागच्या महिन्यात बाजार चालवणारे दादा म्हणाले, ताई फलक काढा, तपासणी आली तर आमच्या अंगावर येईल. त्याच दिवशी एक गृहस्थ आले. म्हणाले, तुमची पूड सुरू केल्यापासून शुगरच्या गोळ्या बंद केल्या, एकदम छान वाटतंय, अजून दोन डबे द्या. मी दिले. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सासूबाई म्हणतात, औषधाचे पैसे घेतले की गुण जातो, तरी सांगत होते. नवरा म्हणतो, मोठ्या कंपन्या हेच विकतात, आपणच का घाबरायचं? आता गिऱ्हाइकं काविळीचं औषधही बाटलीत भरून मागतात. देऊ का? – गुळवेल"

गुळवेल, बाकी सगळं नंतर. आधी त्या गृहस्थांना शोध.

पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर फोनमध्ये नाव सापडेल, बाजार चालवणाऱ्या दादांना विचार, शेजारच्या भाजीवाल्याला विचार. सापडले की एवढंच सांग, "काका, माझी पूड म्हणजे गोळी नाही. आजच डॉक्टरांकडे जा, गोळ्या बंद केल्याचं सांगा आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी करून घ्या." डब्यांचे पैसे परत दे. त्यांनी वाद घातला तरी दे. "छान वाटतंय" यावर जाऊ नको. साखर वाढलेली असताना कित्येक महिने माणसाला काहीच वाटत नाही, आणि तेवढ्यात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या शिरा यांचं नुकसान चालू असतं. त्यांना छान वाटणं आणि त्यांचं छान असणं यात पायाच्या बोटाएवढं अंतर असू शकतं, आणि ते बोट कापावं लागलेली माणसं मी बघितली आहेत.

तुला रात्री झोप आली नाही, त्यावरून तुला कळलेलं आहे. मी फक्त ते मांडून दाखवते.

माझंही सांगते. मी अकरा वर्षं आठवडी बाजारात बसले आहे. माझा खपाचा माल म्हणजे खोकल्याची पूड : सुंठ, मिरी, पिंपळी आणि भरपूर ज्येष्ठमध. गोडसर लागायची, पोरंही मागून खायची. एक निवृत्त शिक्षिका दर पंधरा दिवसांनी न्यायच्या. खोकला नसतानाही चहात टाकायच्या, घसा छान राहतो म्हणून. एक दिवस त्यांची सून आली. बाईंचा रक्तदाब कशाने वाढतोय ते डॉक्टरांना कळेना, पोटॅशियम उतरलेलं, पाय सुजलेले. डॉक्टरांनी विचारलं, ज्येष्ठमध खाता का? रोज आणि बरेच दिवस घेतलं तर ज्येष्ठमध नेमकं हेच करतं. सून भांडली नाही, नुसती पुडी परत ठेवून गेली. त्या पुडीवर मी "१०० टक्के नैसर्गिक, अपाय नाही" असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तेव्हापासून ते वाक्य मी कुठेच लिहीत नाही. कण्हेरही नैसर्गिकच असते.

आता सासूबाईंचं म्हणणं घे. पैसे घेतले की गुण जातो, हे आपल्याकडे गावोगाव म्हणतात आणि शिकलेली माणसं हसतात. मी हसत नाही. सासूबाई ओसरीवर औषध देतात तेव्हा काय करतात, ते एकदा शांतपणे बघ. माणूस आला की आधी त्याला बसवतात. डोळ्याची पापणी खाली ओढून बघतात. किती दिवस झाले, लघवी कशी होते, खातोस काय, दारू पितोस का, बाई असेल तर दिवस गेलेत का, सगळं विचारतात. एखाद्याला बघून म्हणतही असतील, "हे माझ्या हातातलं नाही, दवाखान्यात ने." फुकट देणाऱ्याला परत पाठवणं सोपं जातं. गाळ्यावर उभ्या असलेल्या बाईला ते जड जातं, कारण मागे चार गिऱ्हाइकं थांबलेली, गाडीभाडं काढायचं आणि पाऊस आला तर अर्धा माल परत न्यायचा. सासूबाईंचं औषध बाटलीत भरता येतं, त्यांची विचारपूस भरता येत नाही. त्यांचा "गुण" कुठे असतो म्हणशील, तर बराचसा त्या विचारपुशीत.

तेव्हा तुझ्या आठ वस्तू घेऊन बस आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचार : समोरच्याला काहीही न विचारता मी ही कोणालाही देऊ शकते का? दोन वर्षांचं पोर, सात महिन्यांची गरोदर, रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे आजोबा, कोणालाही? मोरावळा खाऊ म्हणून बहुतेकांना देता येतो. आलेपाकही. गवती चहाही. जांभळाच्या बियांची पूड शुगरवर म्हणून देता येत नाही. अडुळशाचा काढा नाही. सांधे दुखतात म्हणून निर्गुडीचं तेलही नाही, कारण सांधा झिजलाय, सुजलाय की त्यात पू झालाय, ते तेलाला कळत नाही.

गंमत अशी की कायद्याची रेघही जवळपास इथूनच जाते.

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, म्हणून जरा बैजवार सांगते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. आयुर्वेदिक औषधही त्यात येतं. रोगावर उपाय म्हणून पोटात घ्यायची किंवा अंगाला लावायची वस्तू तू विकायला बनवलीस की ते औषध झालं, आणि ते बनवायला परवाना लागतो. आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. त्यासाठी स्वतंत्र जागा, चूर्ण-तेल-काढा अशा प्रकाराप्रमाणे वेगळी व्यवस्था, आयुर्वेदाची पदवी घेतलेला माणूस, कच्च्या मालाची तपासणी, प्रत्येक घाण्याची नोंद असं सगळं दाखवावं लागतं. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्याला त्यातून सूट आहे. पण ती वैद्याला, आणि त्याच्या रुग्णापुरती. बाजारातल्या गाळ्याला नाही. मोठ्या कंपन्या "हेच" विकतात हे खरं, पण मेडिकलमधली कुठलीही आयुर्वेदिक बाटली उलटी करून बघ. परवाना क्रमांक, बॅच, तारीख, जुन्या पाठाचं औषध असेल तर तो कोणत्या ग्रंथातला, सगळं छापलेलं असतं. नवऱ्याला ती बाटली दाखव. अशी परवाना असलेल्या कारखान्यात बनलेली आयुर्वेदिक औषधं विकायला मात्र वेगळा विक्री परवाना लागत नाही, म्हणून तर ती किराणा दुकानातही दिसतात. गाडं अडतं ते बनवण्यापाशी.

केसांचं तेल आणि उटणं तुला वाटतं त्यापेक्षा अवघड प्रकरण आहे. ती सौंदर्यप्रसाधनं. त्यांनाही बनवण्याचा परवाना लागतो, साबणाला लागतो तसाच. दिवाळीत दर दुसऱ्या गाळ्यावर उटणं असतं आणि कोणी काही म्हणत नाही, हे मलाही दिसतं. पण मला विचारलंस म्हणून सांगते, कोणी म्हणत नाही याचा अर्थ चालतं असा नाही.

आणि फलक. तो आज उतरव, घरी नेऊन चुलीत घाल. १९५४ सालचा एक कायदा आहे, औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या अनुसूचीत रोगांची यादी आहे, आणि त्या रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करायचीच नाही असं तो म्हणतो. मधुमेह त्यात आहे, मूतखडा आहे, रक्तदाब, लठ्ठपणा, पाळीच्या तक्रारीही आहेत. तुझ्या फलकावरचे पहिले दोन शब्द थेट त्या यादीतले! जाहिरात म्हणजे नुसता फलकही नव्हे. लेबल, वेष्टन, चिठ्ठी, एवढंच काय, तोंडाने ओरडून सांगणंही जाहिरातच. कायदा करणाऱ्यांनी प्रकाश, ध्वनी आणि धूर यांतून केलेली घोषणासुद्धा लिहून ठेवली आहे. तुझ्या मुलाने अजून धूर काढला नाही, तेवढं नशीब. बाजार चालवणाऱ्या दादांचं चुकलं नाही. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि पणन मंडळाच्या पुढाकाराने संत सावता माळी यांच्या नावाने हे शेतकरी आठवडी बाजार उभे राहिले, ते शेतातला माल थेट घरात जावा म्हणून. एका गाळ्यामुळे बाजार बंद पडला तर मेथीवाल्याने काय करायचं?

काविळीच्या औषधाबद्दल माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण कायद्यापर्यंत जायच्या आधीच सापडतं. कावीळ हा एक रोग नाही, ते एक लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटीस ए आणि ई, बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत जो उपाय चालू असतो त्याला यश मिळतं, मग तो उसाचा रस असो की सासूबाईंचा पाला. पण पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल किंवा गाठ असेल, तर तीही कावीळच दिसते, आणि ती पाल्याने उतरत नाही. अंगाला खाज सुटते, शौचाला पांढरट, मातीच्या रंगाची होते. अशा माणसाचे पंधरा दिवस ओसरीवर गेले तर फार महागात पडतात. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेतू शकते. म्हणून बाटली तर नाहीच. सासूबाईंशीही बोल, पण भांडू नको, त्यांचं वय आणि मान दोन्ही आहे. एवढं ठरवून घ्या : औषध देण्याआधी रक्ताची तपासणी झालेली असावी, आणि खाज, पांढरी शौच, ताप, पोटदुखी, गुंगी, दिवस गेलेली बाई यांतलं काही असलं की सरळ तालुक्याच्या दवाखान्यात. नाकात थेंब सोडायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती बंद. कडू देवडांगरीचा रस नाकात घालून नाकाची आतली त्वचा सोलवटून घेतलेली माणसं येतात दवाखान्यात.

तू सही "गुळवेल" अशी केलीस, म्हणून तिचंही सांगते. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा चालला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी, गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी म्हटली, आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते याकडे बोट दाखवलं. कोण बरोबर, त्यावर मी निवाडा करणार नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की वेल ओळखणारी सासू आणि काढा पिणारा माणूस यांच्या मध्ये बाजार आला, की वेल कोणी तोडली, कुठून तोडली, तीच होती का, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मावशीने गाळाच उचलायला सांगितला. नाही गं. तू हिशेब पाठवलास तो मी मांडून बघितला, आणि मला तर उलटंच दिसलं.

केसांचं तेल तुझं सगळ्यांत जास्त खपतं. ५ लिटर तीळतेल ३५० च्या भावाने १,७५० रुपये. विकतची ब्राह्मी-जटामांसी २५०. गॅस १५०. घट जाऊन ४६ बाटल्या, ११ रुपयांची एक, म्हणजे ५०६. गाळा आणि गाडीचे ५००, त्यातले निम्मे तेलाच्या नावावर टाकू, २५०. झाले २,९०६. बाटली ८० ला, म्हणजे आले ३,६८०. उरले ७७४. तेल कढवायला, गाळायला, भरायला तुझे दोन दिवस जातात आणि अर्धा रविवार. दिवसाला ३१० रुपये पडले. आता आलेपाक. ३ किलो आलं २४०, ४ किलो साखर १८०, दूध आणि गॅस १३०, पाव किलोचे २० डबे १६०, गाळा-गाडीचे उरलेले २५०. झाले ९६०. डबा ८० ला, आले १,६००. उरले ६४०, आणि एवढ्याला अर्धा दिवस स्वयंपाकघरात, अर्धा बाजारात. एका दिवसाचे ६४०. जे तू जोडधंदा म्हणून कोपऱ्यात ठेवतेस ते तेलाच्या दुप्पट देतंय. तुझी मजुरी तू कुठेच धरली नव्हतीस, म्हणून तुला ते दिसलं नाही. बायकांच्या हिशेबात बहुतेक वेळा हेच राहून जातं.

मग खाण्याचा माल पुढे आण. त्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी लागते. छोट्या घरगुती उत्पादकाला मोठा परवाना नाही, साधी नोंदणी पुरते. अर्ज ऑनलाइन होतो, फी किरकोळ आहे, महा-ई-सेवा केंद्रातला पोरगा करून देईल, फक्त त्याला फीपेक्षा जास्त पैसे देऊ नको. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर. लेबलवर आणखी काय : वस्तूचं नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, किंमत, तुझं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. रोगाचं नाव कुठेही नाही. "पचनास उत्तम" वगैरेही राहू दे. सुटं तोलून देणार असशील तर काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का ठरलेल्या मुदतीत मारून घे.

एक वही घाल. प्रत्येक घाण्याला तारीख, आलं कोणाचं, साखर कुठली, किती डबे झाले. कोणी तक्रार घेऊन आलं तर डब्यावरची तारीख बघून तू सांगू शकलीस की बाकीचे १९ कुठे गेले, तर तू धंदा करतेस. नाहीतर नुसता पसारा.

गवती चहावर जीव लाव. त्यात पैसा आहे आणि तुझ्या बांधावर तो फुकट येतो. लोक तो उन्हात वाळवतात आणि वास घालवून बसतात. सकाळी दव उडाल्यावर काप, धुऊन पाणी पूर्ण निथळू दे, कात्रीने बोटभर तुकडे कर आणि सावलीत, वारं खेळेल अशा माळ्यावर पातळ पसर. वाळला की नाही ते असं बघ : एक तुकडा घे, बोटाभोवती गुंडाळ. वळला तर ओला आहे, काडकन मोडला तर वाळला. तरी माझा विश्वास बसत नाही म्हणून मी मूठभर काचेच्या बरणीत घट्ट बंद करून तासभर उन्हात ठेवते. काचेला आतून दम धरला की सगळा माल परत माळ्यावर. आषाढ-श्रावणात भोरच्या हवेत हा प्रयत्नही करू नको. तेव्हा ताज्या पेंड्या विक, दोऱ्याने बांधून, सोबत आल्याचा तुकडा. पुण्यातल्या बायका त्या पेंड्यांवर उड्या मारतात. तीच गोष्ट अडुळशाची, निर्गुडीची : रोपं कर. पिशवीत रुजवलेलं अडुळशाचं रोप विकायला कोणाच्या छातीत धडधडायचं कारण नाही, आणि ज्याला काढा हवा तो वैद्याला विचारून आपल्या कुंडीतला पाला तोडेल. शतावरी, मुसळीची मुळं मात्र डोंगरातून उपटून आणू नको. मूळ गेलं की झाड गेलं, आणि तुझ्या डोंगरावर ती आधीच किती उरलीत ते सासूबाई सांगतील.

शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, आंबेहळद हे जसंच्या तसं, न कुटता, न मिसळता विकायचा विचार कर. काष्ठौषधीवाले पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. उटण्याचं सामान घ्या आणि घरी दळा, असं सांग. तरी गाळ्यावर मांडण्याआधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात एकदा समोर बसून विचार. आपणहून विचारायला आलेल्या बाईशी ते बहुधा नीट बोलतात, माझा तरी तसाच अनुभव.

केसांच्या तेलाचा मोह सुटतच नसेल, तर सरळ वाट आहे, फक्त ती एकटीची नाही. ज्यांच्याकडे परवाना आणि यंत्रं आहेत अशा कारखान्यातून आपला माल बनवून घेता येतो. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवण्याचा स्वतंत्र परवानाही असतो, त्याला लोन लायसन्स म्हणतात. पण ५ लिटरसाठी कोणी कढई तापवत नाही. गावातल्या बचत गटाच्या दहाबारा बायका एकत्र आल्या तर बोलणी होतात. 'उमेद'च्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, तालुक्याच्या माणसाला भेट, प्रक्रिया उद्योगाची कोणती योजना सध्या चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचार. या वर्षी नाही झालं तरी चालेल. तोवर निर्गुडीचा पाला वाळवून औषधं बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याला किलोवर घालता येतो का, ते बघ.

आणि सासूबाईंचं तेल घरात बंद करू नको हं. माझी आजी तेल सिद्ध करायची तेव्हा शेवटी कढईतला पाल्याचा चोथा दोन बोटांत घेऊन त्याची वात वळायची आणि जाळावर धरायची. तडतडली की म्हणायची, अजून पाणी आहे. गप जळली की कढई खाली. तेलाला फेस यायला लागला की उतरव, तुपाचा फेस बसला की उतरव, हे तिने मला सात-आठ वर्षांची असताना सांगितलं होतं, आणि जुन्या ग्रंथांतही अगदी हेच लिहिलेलं आहे हे मला फार पुढे कळलं. तुझ्या पत्रात तू लिहिलंस की तुझ्या तेलाला महिन्याभरात कुबट वास येतो. ते पाणी राहिलंय. सासूबाईंशेजारी बसून एकदा ती वात बघ. मग घरच्यांच्या डोक्याला खुशाल लाव.

गाळ्यावर मात्र जीभ बदलावी लागेल, आणि खरं अवघड ते आहे. "काकू, शुगरवर काही आहे का?" असं रविवारी निदान पाच जण विचारणार. तू म्हणायचंस, "शुगरवर माझ्याकडे काही नाही, गोळ्या चालू ठेवा. गवती चहा आहे, बिनसाखरेचा चांगला लागतो." त्यावर तो म्हणेल, पण मागच्या वेळी तर दिलं होतं. म्हण, चुकलं माझं. पहिले दोन रविवार हे म्हणताना घशाशी येतं, मला यायचं. काही गिऱ्हाइकं जातील. ज्येष्ठमधाच्या पुडीनंतर माझी तिसरा हिस्सा गिऱ्हाइकं गेली. त्या निवृत्त शिक्षिका मात्र सहा महिन्यांनी मोरावळा न्यायला आल्या. झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त बरणी हातात घेऊन मागचं लेबल, चष्मा वर करून, शेवटपर्यंत वाचलं.

जांभळाच्या बियांची पूड किती उरली आहे ते तू लिहिलं नाहीस. जी आहे ती गाळ्यावर नेऊ नको. आणि त्या गृहस्थांचा पत्ता लागला की दोन ओळी टाक. मलाही त्यांची काळजी लागली आहे.

– मावशी